पाळीच्या वेळा बदलताना या चुका टाळा

नवी मुंबईत रबाळे आणि महापे येथील कारखान्यांत मी बावीस वर्षे उत्पादन विभाग सांभाळला. या काळात कामगारांनी बदलाला केलेला विरोध जितक्या वेळा पाहिला, त्याहून अधिक वेळा साहेबांनी स्वतःच ओढवून घेतलेला गोंधळ पाहिला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे निर्णय आधी फलकावर लावणे आणि माणसांशी नंतर बोलणे. हा पराक्रम मी स्वतः २०११ साली केला आहे. पहिली पाळी सातऐवजी सहाला सुरू केली, तर शिळफाट्याची संध्याकाळची कोंडी होण्याआधी ट्रक बाहेर पडतील, एवढेच गणित मांडून मी शुक्रवारी सायंकाळी सूचना लावली आणि अंमल सोमवारपासून ठेवला. कामाच्या तासांत बदल करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे, ही आठवण कार्मिक अधिकाऱ्याने करून दिली तेव्हा फलकासमोर पन्नास माणसे जमली होती. सूचना माझ्याच हाताने काढावी लागली. टाचण्या मात्र तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वासिंदजवळच्या खेड्यातून येणाऱ्या एका जुन्या ऑपरेटरने जॉब कार्डाच्या पाठीवर त्याची सकाळ लिहून माझ्यापुढे ठेवली. "साहेब, लोकल आहे हो, पण स्टेशनला आणणारी पहिली शेअर रिक्षाच पाचला सुटते. ठाण्याला गाडी बदलून मी सातला कसाबसा पोचतो." चौकशी केली तेव्हा असे अकरा जण निघाले. त्यांना दुसऱ्या पाळीत घेऊन, रीतसर नोटीस देऊन, तोच बदल पुढच्या महिन्यात एकाही तक्रारीविना झाला.

तेव्हापासून वेळेचा कोणताही प्रस्ताव कागदावर आणण्यापूर्वी मी कॅन्टीनमध्ये डायरी घेऊन बसतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: घरातून किती वाजता निघता? नव्या व्यवस्थापकांना हे वेळखाऊ वाटते. व्हॉट्सॲप गटावर टाकले की कळवले, अशी त्यांची समजूत असते. गटावर अंगठा दाखवणारा माणूस सहमत असतोच असे नाही, त्याला तो विषय तेवढ्यापुरता संपवायचा असतो.

निर्णय पक्का झाल्यावर मते मागवण्याचा देखावा ही दुसरी चूक. माणसे भोळी नसतात. मुख्य कार्यालयाचे पत्र आल्याची बातमी गेटवरच्या सुरक्षारक्षकाला माझ्या आधी कळलेली असते. जे ठरले आहे ते ठरले आहे असे स्पष्ट सांगावे, आणि कोणाला कोणती पाळी, बस कोठून, सुट्टी कधी, यांपैकी जे खरोखरच खुले असेल तेवढ्यावरच चर्चा घ्यावी.

वरून आलेला दबाव जसाच्या तसा खाली ढकलू नये. वरिष्ठांचा आरडाओरडा आपल्या केबिनमध्येच थांबला पाहिजे.

एखाद्याची बदली किंवा कपात असेल, तर ती सभेत जाहीर करू नये. त्याला एकट्याला, दार लावून आणि बसवून सांगावे.

पर्यवेक्षकांना बातमी कामगारांच्या आधी द्यावी, निदान एक पाळी आधी. यंत्रापाशी पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, आणि "मला माहीत नाही" असे त्याला एकदा म्हणावे लागले, की पुढचे सहा महिने त्याच्या शब्दाला खाली कोणी विचारत नाही.