या चुका टाळा: मुस्लिम महिलांची संस्था, सही आपाची आणि ओटीपी भाच्याच्या मोबाइलवर

मोमिनपुरा, टेका, हसनबाग, जाफरनगर, ताजबाग. नागपूरच्या या वस्त्यांमध्ये मुलींचे शिकवणी वर्ग बायकाच चालवतात. विधवांच्या घरी महिन्याचा किराणा त्याच पोचवतात, रेशन कार्डासाठी झोन कार्यालयाच्या खेपा घालतात, मेयोत किंवा डागा रुग्णालयात कुणाच्या तरी सुनेजवळ रात्रभर बसतात. काम चोख असतं. तरीही संस्था नोंदली गेली, दोन-चार वर्षं गेली, की कुठेतरी गाडं अडतं. बँक खातं गोठतं, नाहीतर ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकराची मान्यता) नाकारलं जातं, नाहीतर धर्मादाय कार्यालयाची नोटीस येते. मग वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बायकांना कागदाचं काय कळतं?"

हे वाक्य साफ चूक आहे. पाच मुलांची फी, दोन घरांचं भाडं आणि भिशीचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला ताळेबंद समजत नाही, हे मी कधीच मानणार नाही. काम एकीच्या हातात आणि अधिकार दुसऱ्याच्या हातात, अशी सुरुवातीलाच झालेली वाटणी संस्थेला अडवते. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

सात नावं जमवताना

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणीला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबरच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद होते. सात जणांची यादी करताना अध्यक्ष आपा (वस्तीतली थोरली, मानाची बाई) असतात, सचिव त्यांचे दीर आणि कोषाध्यक्ष भाचा. "बाहेरची धावपळ ते करतील" हे त्यामागचं कारण. पुरुष कार्यकारिणीत असण्यात काहीच वावगं नाही, कित्येक भाऊ आणि शौहर मनापासून राबतात. पण पुढच्या तीन गोष्टी नोंदणीच्या दिवशीच बायकांच्या हातात ठेवा.

पहिली मोबाइल नंबर. पॅन, आयकराचं पोर्टल, नीती आयोगाचं दर्पण पोर्टल (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचं), बँक, सगळीकडचा ओटीपी एका नंबरवर येतो. तो भाच्याचा किंवा कागद करून देणाऱ्या एजंटचा असेल, तर संस्था खऱ्या अर्थाने त्याच्याच खिशात राहते. भाचा नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, की आपांना स्वतःच्याच संस्थेचं लॉगिन उघडता येत नाही. संस्थेसाठी वेगळं सिम घ्या, वेगळा ईमेल उघडा. पासवर्ड वहीत लिहून ती वही अध्यक्ष आणि सचिव दोघींना ठाऊक असलेल्या कपाटात ठेवा.

दुसरी चेकबुक. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या, आणि त्या तिघांत दोन महिला, असा ठराव करून बँकेत द्या. कोऱ्या चेकवर आधीच सह्या करून ठेवण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून बंद करा, मग पुढचा माणूस कितीही विश्वासातला असो.

तिसरी पत्ता. नोंदणीकृत पत्ता सासरच्या घराचा असेल तर नोटिसा तिथेच जातात आणि कधी कधी उघडल्याशिवाय ड्रॉवरमध्ये पडून राहतात. जागा कुणाचीही असो, वीजबिल आणि मालकाचं नाहरकत पत्र फाइलला लावा, आणि टपाल उघडायचं कुणी हे ठरवून टाका.

नावांचाही घोळ इथेच होतो. आधारवर "परवीन", पॅनवर "परविन", बँकेत "परवीन बी". शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, रेशन कार्डावर नवऱ्याचं, आणि "शेख" कधी पुढे, कधी मागे. अर्ज ऑनलाइन भरताना हे जुळलं नाही की तिथेच अडतं. म्हणून कागद लिहायला घेण्याआधी सातही जणांचं आधार आणि पॅन समोरासमोर ठेवून एक-एक अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती लागली तर ती आधी.

उद्देशात लिहिलेलं एक वाक्य

ही चूक सर्वांत महाग पडते, आणि ती करणाऱ्यांची नियत अगदी साफ असते. नियमावलीच्या उद्देशात पहिलंच वाक्य येतं: "मुस्लिम समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी". मनात आहे तेच लिहिलं, त्यात गैर काय, असं वाटतं. पण आयकर कायद्यात धर्मादाय संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्याच फायद्यासाठी काढलेली असेल, तर करसवलत अडते. ८०जी साठीही तीच अट आहे. ही अट सगळ्याच धर्मांना आणि जातींना सारखी लागू आहे.

त्याच कायद्यात सुटकेची वाटही आहे. महिला, बालकं, मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती यांच्यासाठी असलेली संस्था या अटीत धरली जात नाही. म्हणून उद्देश असा लिहा: "आर्थिकदृष्ट्या दुर्बल महिला व बालकांचं शिक्षण, आरोग्य, रोजगार व कायदेशीर साहाय्य, धर्म-जात न पाहता." यात लपवाछपवी काहीच नाही. टेक्याच्या शिकवणीत बाजूच्या वस्तीतल्या बौद्ध मुली बसतात, शिलाई केंद्रात हलबा कोष्टी बायकाही येतात. तुमचं काम मुळात असंच चाललेलं असतं, कागदाने ते खरं तसं लिहावं एवढंच.

वाक्य आधीच लिहून झालं असेल तर? उद्देश बदलता येतो. त्यासाठी सभासदांची विशेष सभा, ठराव, धर्मादाय कार्यालयातली प्रक्रिया, आणि आयकर नोंदणी आधीच मिळालेली असेल तर तिथेही मुदतीत नव्याने अर्ज, एवढं सगळं करावं लागतं. काम किचकट आहे. तरी ८०जी नाकारल्यावर अपील करत बसण्यापेक्षा हे बरं.

जकातीची मशीन, इमदादीची मशीन

रमजानमध्ये जो पैसा येतो त्यात जकात (संपत्तीतून गरजूंसाठी काढायचा बंधनकारक वाटा) असते, फितरा (ईदआधी द्यायचं दान) असतो, सदका (ऐच्छिक दान) आणि इमदादही (कामासाठीची साधी मदत) असते. चारही एकाच डब्यात, एकाच पावतीवर, एकाच खात्यात. देणाऱ्याचा विश्वास इथेच जातो, आणि एकदा गेला की पुढच्या रमजानमध्ये तो पैसा दुसरीकडे वळतो.

जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुरआनात, सूरह तौबामध्ये दिलेले आहेत. आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी (इस्लामी धर्मशास्त्राच्या चार सुन्नी परंपरांपैकी एक) मानणारे. त्या मतानुसार जकातीचा पैसा किंवा वस्तू हकदाराच्या मालकीची व्हावी लागते. आता शिलाई मशीनचंच घ्या. जकातीतून मशीन घेऊन गरजू विधवेला दिली, ती तिची झाली, उद्या तिने विकली तरी तिचा हक्क, तर ठीक. तीच मशीन जकातीच्या पैशातून घेऊन केंद्रात ठेवली, दहा मुली तिच्यावर शिकतात, मालक संस्था, तर ते बसत नाही. केंद्राचं भाडं, शिक्षिकेचा पगार, पंखे, वीजबिल हा सगळा खर्च इमदादीतून करा. फीचंही तसंच: मुलगी हकदार असेल तर रक्कम तिच्या किंवा तिच्या पालकाच्या हाती द्या आणि कॉलेजची पावती मागवून घ्या. शंका आली तर जाणकार आलिमांकडून (धर्मशास्त्राच्या अभ्यासकांकडून) लेखी उत्तर घ्या आणि फाइलला लावा. तोंडी उत्तर वर्षभराने कुणालाच आठवत नाही.

पावतीवर चार रकाने छापा, प्रत्येकासमोर खूण करा. जकातीसाठी बँकेत वेगळं खातं उघडा. दाता ८०जी मागणार असेल तर रोख २००० रुपयांपेक्षा जास्त असल्यास त्याला सवलत मिळत नाही, हे घेतानाच सांगा. ऑनलाइन किंवा चेकने घ्या.

सध्या आणखी एक पेच आहे आणि त्याकडे फार कमी जणींचं लक्ष जातं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो जवळजवळ पूर्ण मार्चमध्ये आला, २०२६ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी वसुली आर्थिक वर्ष संपता संपता. करमाफीसाठी उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्देशावर खर्च झालेली दाखवावी लागते, आणि ३१ मार्चला खात्यात लाखभर पडून असतात कारण शाळेची फी जूनमध्ये भरायची असते. उरलेली रक्कम पुढे नेण्याची तरतूद कायद्यात आहे, फक्त ती मुदतीत अर्ज करून मागावी लागते. ऑडिटरला सप्टेंबरमध्ये कागद नेऊन देण्याऐवजी ईद झाली की त्याच आठवड्यात फोन करा.

दुबईचा भाऊ आणि शिकागोची बहीण

दोघंही प्रेमाने पैसे पाठवतात. कायद्याच्या नजरेत मात्र फरक मोठा आहे. भाऊ दुबईत नोकरी करतो पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान (परदेशी देणगी) ठरत नाही. बहिणीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तिचा एक रुपयाही विदेशी अंशदान आहे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, आणि नागपूरला सुट्टीत आल्यावर तिने हातात नोटा ठेवल्या तरीही. ते घ्यायला एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा), २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येऊ शकते.

परदेशातल्या प्रत्येक दात्याकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत घ्या. आणि "माझ्या घरच्या खात्यात टाक, मी संस्थेला देते" हा उपाय कुणीही सुचवला तरी ऐकू नका.

किटबरोबर फोटो

रेशन किट हातात, बाजूला पाहुणे, मागे बॅनर. फोटो व्हॉट्सॲपवर जातो, तिथून स्टेटसवर, आणि संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या लेकीच्या सासरी पोचतो. पुढच्या महिन्यात ती येत नाही, आणि का आली नाही हे सांगतही नाही. दात्याला पुरावा हवा हे खरं. पुरावा म्हणून सही-अंगठ्याचं रजिस्टर, सामानाचं बिल, वाटपाची तारीख आणि किटांचा फोटो पुरेसा असतो. चेहरा हवाच असेल तर आधी विचारा, एकटीला बाजूला घेऊन विचारा. चारचौघींत ती नाही म्हणू शकत नाही.

घरातलं भांडण दारात आलं की

शिलाई शिकायला आलेली मुलगी तिसऱ्या आठवड्यात हातावरचे वळ दाखवते. मग संस्थेच्या बायका दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवतात, सुलह होते, मुलगी परत जाते. कागदावर काहीच नसतं. पुन्हा मार बसला की पहिल्यापासून सुरुवात.

समजूत घालणं वाईट नाही, पण त्याआधी रजिस्टरमध्ये तारीख टाकून तिने सांगितलेलं तिच्या शब्दांत लिहा आणि तिची सही घ्या. जखम असेल तर आधी सरकारी रुग्णालयात नेऊन नोंद करा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ सर्व धर्मांच्या महिलांना लागू आहे आणि त्यात संरक्षण अधिकारी मदतीला असतात. महिलेला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने बेकायदा आहे, त्यामुळे "आता काही उरलं नाही" असं कुणी तिला सांगितलं तर ते खोटं आहे. आणि तलाक झालेल्या मुस्लिम महिलेलाही फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

मूळ निकाहनामा संस्थेत ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत तिला परत द्या.

मशीद कमिटीला सांगायचं की विचारायचं

वस्तीत काम करताना कमिटीशी बोलणं भागच असतं, आणि टाळलं तर गैरसमज वाढतात. माझं मत स्पष्ट आहे: कळवायचं, परवानगी मागायची नाही. वर्षाचा हिशेब आणि कामाची एक पानी यादी उर्दूत छापून द्या, भेटायला दोघी-तिघी जा. हिशेब उघडा ठेवणाऱ्या बाईला वस्तीत मान मिळतो.

सभेची वेळ मात्र बायकांच्या सोयीने ठेवा. जोहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर), मुलं शाळेत असताना. मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) ठेवलेल्या सभेला नावापुरत्या सह्या होतात आणि निर्णय तिघंच घेतात. ठराव उर्दूत लिहिला तर मराठी प्रतही त्याच दिवशी करा, कारण धर्मादाय कार्यालयात मराठी कागदच लवकर पुढे सरकतो. मराठी माध्यमात शिकलेली एखादी मुलगी प्रत्येक मोहल्ल्यात असतेच. तिला सहसचिव करा.

गाडं आधीच अडलं असेल तर

बहुतेक वेळा मूळ एकच निघतं: कार्यकारिणी बदलली पण बदल अर्ज दिलाच नाही. विश्वस्तांतला कोणताही बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून आजच द्या, उशिराचं कारण खरं तेच लिहा. सोबत सभेची सूचना, हजेरी, ठराव, राजीनामा असेल तर तो, आणि नव्या जणींची संमतीपत्रं लावा.

क्रमही सांभाळा. आधी धर्मादाय कार्यालय, मग बँक, मग आयकराचं पोर्टल आणि दर्पण, कारण पुढची ठिकाणं आधीच्या ठिकाणचा मंजूर कागद मागतात. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकीवरून परत पाठवतात. दरवर्षीचं ऑडिट राहिलं असेल तर जुन्या वर्षापासून एक-एक पूर्ण करा, आणि प्रत्येक अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.