हॉटेल काढायचंय? आधी किचन, पाणी, धूर बघा, थ्रीडी मागून

हॉटेल काढायचं ठरलं की आपल्याकडं पहिलं काम काय होतं, तर मोबाईलमध्ये पुण्या-मुंबईच्या कॅफेचे फोटो जमवायचे आणि डिझायनरला पाठवून म्हणायचं, "सेम असंच पाहिजे, थ्रीडी कधी देता?" थ्रीडी म्हणजे तयार हॉटेल कसं दिसेल त्याचं कॉम्प्युटरवरचं चित्र. मी संभाजीनगर, जालना, बीड, लातूर या पट्ट्यात बारा वर्षं हेच काम करतोय, हॉटेलं, कापड दुकानं, दवाखाने सगळं केलंय. वर्षभराच्या आत तोडफोड करावी लागलेली जी हॉटेलं मी बघितली त्यात रंग क्वचितच चुकलेला होता, चुकलेलं असायचं ते किचन, नाहीतर मोरी, नाहीतर धुराचा रस्ता. म्हणून क्रम नीट सांगतो.

सगळ्यात आधी मेनू. हो, इंटेरियरच्या आधी मेनू. नान खलिया आणि तंदूर करणार असाल तर भट्टी लागते, भट्टीला जागा लागते, वर हूड (धूर ओढणारं छत्रीसारखं झाकण) आणि डक्ट (धूर बाहेर नेणारा पत्र्याचा मार्ग) लागतो. थाळी देणार असाल तर भांड्यांचा ढीग डबल, म्हणजे मोरी मोठी. नुसता चहा-नाश्ता असेल तर किचन छोटं चालतं पण पुढं उभं राहायची जागा जास्त लागते. हे कागदावर आल्याशिवाय लेआऊट काढायला लावूच नका, जो काढून देईल तो अंदाजानं देईल.

मग जागा. गाळा बघायला दुपारी तीनला एकदा जा आणि रात्री आठला एकदा जा, दोन्ही वेळा. पश्चिमेकडं तोंड असलेला काचेचा गाळा सकाळी लई भारी दिसतो आणि मे महिन्यात दुपारी तिथं बसवत नाही. त्यात सगळ्यात वरचा मजला असेल तर अजून एक गोष्ट, आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती गरमी संध्याकाळी खाली सोडतो, म्हणजे बरोब्बर जेवणाच्या गर्दीच्या टायमाला. परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढं जातो तिथं हा खर्च आधीच धरा: गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे नाहीतर पांढरा हीटप्रूफ कोट, आणि दर्शनी बाजूला खोल छज्जा. एसी वाढवत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. डक्टवाला कूलर एप्रिल-मे मध्ये आपल्या कोरड्या हवेत मस्त चालतो, पण हवा बाहेर जायला वाट पाहिजे, पावसाळ्यात तो चिकचिक करतो, आणि नेमकी टंचाई असते तेव्हाच पाणी पितो, तर तेही हिशोबात घ्या.

पाण्याचं तर वेगळंच सांगायला पाहिजे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरून कसं चालेल. नळ आठवड्यातून कितीदा येतो, बोअर मे महिन्यात चालतो का, टँकर गाळ्यापर्यंत येऊ शकतो का, टाकी कुठं बसेल, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, मालकाला नाही. कमीत कमी दोन दिवस पुरेल एवढी टाकी ठेवा आणि तिच्या वजनाचं इंजिनिअरला विचारूनच वर चढवा, हजार लिटर म्हणजे पाण्याचंच एक टन झालं. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं असतं, म्हणून बाथरूममध्ये काळी चकचकीत टाईल आणि काळे नळ लावू नका, महिन्याभरात पांढरे डाग पडतात आणि पोरगं दिवसभर घासत बसतं. मळकट ग्रे नाहीतर फिक्कट मॅट टाईल घ्या.

हायवेला नवीन प्लॉटवर बांधत असाल तर काळी माती बघा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट कोबा केला की फरशी उचलते नाहीतर बसते. काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून नीट दाबा, मगच फरशी.

आता लेआऊट. समजा गाळा हजार स्क्वेअर फूट आहे. साडेतीनशे किचनला द्या, दीडशेच्या आसपास बाथरूम, हात धुवायची जागा, गल्ला आणि स्टोअर मिळून, उरले पाचशे. माणशी १२ ते १४ स्क्वेअर फूट धरलं तर ३५ ते ४० माणसं बसतात. मालक लोक इथं अडतात, "साठ बसवा" म्हणतात, आणि बसवता येतात पण, फक्त मग वेटरला ट्रे घेऊन जाता येत नाही, आणि किचनमधून साठ ताटं एका टायमाला निघत पण नाहीत. मेन रस्ता चार फूट, आतल्या रांगेत तीन फूट, हे सोडू नका.

टेबल घेताना ताट बरोबर घेऊन जा. आपलं थाळीचं ताट १३ इंचाचं असतं, समोरासमोर दोन ताटं ठेवली की २६ इंच झाले, मधे पोळ्यांची डिश, पाण्याचा जग, चटणी कुठं ठेवणार? म्हणून टेबलाची रुंदी ३० इंचाच्या खाली नको, चार माणसांना लांबी ४८ इंच. उंची ३०, खुर्चीची बैठक १८. आणि आपल्याकडं लोक जोडीनं कमी, कुटुंबानं जास्त येतात, सात-आठ जण, बरोबर आजी पण असते, तर जोडता येतील असे छोटे टेबल ठेवा, आजीसाठी पायरीच्या बाजूला रॅम्प करा, एक फूट उंचीला बारा फूट लांब असा ढाळ.

माझा आवडता प्रकार म्हणजे नकाशा पास करायच्या आधी रिकाम्या गाळ्यात चुन्यानं सगळं खऱ्या मापात आखायचं. टेबल, गल्ला, किचनचं दार, सगळं. चार प्लास्टिकच्या खुर्च्या मागवायच्या, दोन माणसं बसवायची, एकाला हातात परात देऊन किचनच्या दारापासून शेवटच्या टेबलापर्यंत चालवायचं. जिथं त्याला अंग आडवं करून निघावं लागतं तिथं लेआऊट चुकलाय. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हे करून बघितल्यावर नकाशा बदलला नाही असा एक पण मालक मला भेटलेला नाही.

किचनमध्ये माल एका बाजूनं आत आणि ताट दुसऱ्या बाजूनं बाहेर, उष्टी भांडी मोरीकडं जाताना तयार जेवणाला आडवी येऊ नयेत. ओट्याला कडप्पा किंवा ग्रॅनाईट, उंची ३३-३४ इंच, भिंतीला सात फुटापर्यंत टाईल, खाली खरबरीत टाईल, आणि जाळीकडं ढाळ, शंभर इंचाला एक इंच तरी. फरशी व्हायच्या आधी मोरी आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी भरून ठेवा, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. सिंकखाली ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी पेटी, बसवाच, तेल पाईपात थंड होऊन गोठतं आणि चेंबर तुंबतो तो नेमका रविवारीच.

धूर ओढायचा हूड शेगडीपेक्षा चारी बाजूनं सहा इंच बाहेर पाहिजे. जेवढी हवा एक्झॉस्ट ओढतो तेवढी आत पण यायला पाहिजे हे लोक विसरतात, मग काय होतं, एक्झॉस्ट हॉलमधली एसीची हवा ओढायला लागतो, दार जड होतं आणि बिल वाढतं. थोडी ओढ किचनकडं असलेली चांगली, म्हणजे फोडणीचा ठसका गिऱ्हाइकाला लागत नाही, पण ताजी हवा आत घ्यायचा डक्ट वेगळा द्या.

गॅसमध्ये तर हयगय अजिबात नको. १९ किलोच्या टाक्या बाहेर, जाळीच्या खोलीत, बेसमेंटमध्ये कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला की जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका आणि डिटेक्टर दोन्ही खाली पाहिजेत. वर लावलेले डिटेक्टर मी स्वतः बघितलेत आणि काढायला लावलेत.

लाईट फिटिंगच्या आधी लोड काढा, फ्रीजर, एसी, मिक्सर, गिझर सगळं लिहून, आणि थ्री फेजसाठी महावितरणकडं अर्ज लवकर टाका, बाकी काम संपून मीटरसाठी थांबलेली हॉटेलं कमी नाहीत. तसंच एफएसएसएआय (खाण्याच्या धंद्याचं लायसन्स), फायर एनओसी, पालिकेची परवानगी, हे भाडेकरार करायच्या आधी विचारा, त्या गाळ्याला मिळतंय का म्हणून. करारात कामाचे दीड-दोन महिने बिनभाड्याचे मागा, आणि सोडून जाताना काय काय काढून नेता येईल ते लिहून घ्या. पाच वर्षांचा करार असेल तर पैसा भिंतीत कमी आणि हलवता येणाऱ्या सामानात जास्त घाला.

आता सजावट. अजिंठ्याच्या चित्राचं फ्लेक्स प्रिंट आणि सीएनसी जाळी (मशीननं कापलेली नक्षीची जाळी) यात सगळे एकसारखे दिसायलेत. जाळी किचनजवळ लावली तर भोकाभोकात तेल आणि धूळ बसते, लावायचीच तर गल्ल्यामागं लावा. मला विचाराल तर शहाबादी फरशी, माळवदाच्या घरात असतात तशा लाकडी तुळयांचं छत, काचेत फ्रेम केलेला हिमरूचा, म्हणजे संभाजीनगरच्या नक्षीदार विणीच्या कापडाचा, एक तुकडा, बास. लाईट ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर, बॉक्सवर सीआरआय ९० लिहिलेला, म्हणजे रंग खरे दाखवणारा, आणि टेबलावर पडेल असा. पांढऱ्या ट्यूबमध्ये लाल तर्रीचा रस्सा फिक्का दिसतो, बल्ब घ्यायच्या आधी वाटीत रस्सा घेऊन त्याच्याखाली धरून बघा. साडीच्या दुकानात उलटं, तिथं ४००० चा, जरा पांढऱ्याकडं झुकणारा, लाईट घ्या, नाहीतर बाईनं घेतलेला रंग घरी जाऊन वेगळा निघतो.

ठेकेदाराला "एकूण एवढे लाख" असं कधीच देऊ नका. स्क्वेअर फुटाचा आणि रनिंग फुटाचा रेट, प्लायचा ग्रेड, सनमाईकाची जाडी, जीएसटी आत का बाहेर, सगळं लिहून घ्या. मोरीजवळ आयएस ७१० चा (पाणी सोसणारा मरीन) प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चा साधा चालतो. पैसे कामाच्या टप्प्यानं, शेवटचे पाच टक्के महिन्यानं. कामाचा क्रम तोडफोड, प्लंबिंग-वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, सिलिंग, सुतारकाम, रंग, मग फिटिंग असा, आणि सिलिंग बंद करायच्या आधी प्रत्येक वायर-पाईपचा फोटो काढून ठेवा. सुतार राजस्थानचे असतील तर दिवाळी-होळीला गावी जातात, तारीख धरताना ते बघा.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी घरच्या वीस-पंचवीस माणसांना जेवायला बोलवा, सगळ्या शेगड्या, एसी, एक्झॉस्ट एकदम चालू करा आणि तुम्ही मोरीपाशी उभे राहा, जे तुंबायचंय, ट्रिप व्हायचंय ते त्या दिवशी होऊ द्या, ठेकेदाराला पण त्याच पंगतीला बोलवा म्हणजे तिथल्या तिथं यादी लिहून घेता येते.