आधी बॅटरी काढा, मग बिट बदला

आमच्या बाबांकडे जुना वायरवाला ड्रिल होता, नुसता धोंडा, आणि बिट, म्हणजे पुढची भोक पाडायची सळई, बदलायचं म्हटलं की ते आधी उठून भिंतीतला प्लग उपटायचे आणि वायर खांद्यावर टाकायचे, म्हणजे मागून कुणी चुकून लावायला नको. मी कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवरचा ड्रिल घेतला आणि ही सवय कधी सुटली कळलंच नाही, कारण उपटायला काही दिसतच नाही ना. एकदा ड्रिल मांडीवर घेऊन बिट बदलत होतो, ट्रिगर दाबला गेला, बिट पकडणारा चक गर्रकन फिरला आणि अंगठ्याचं कातडं सोलवटून निघालं. टाके नाही पडले, पण आठवडाभर वरणभात चमच्याने खाल्ला.

तर आधी हे डोक्यात बसवा की बॅटरी म्हणजेच प्लग. बिट बदलायचंय, ब्लेड बदलायचंय, आतली धूळ काढायचीय, गाडीच्या डिकीत टाकायचंय, घरात लहान मुलं आहेत आणि मशीन कपाटात ठेवायचंय, दर वेळी बॅटरी खटकन बाहेर. मधेच फोन आला तर ट्रिगरच्या वर जे उलट-सुलट फिरवायचं बटण असतं ते बरोबर मधोमध आणून ठेवा, तिथे ट्रिगर लॉक होतो. पण ते फोन घेण्यापुरतं, बिट बदलताना त्याच्या भरवशावर राहू नका.

आता भिंत. कॉर्डलेसचा खरा फायदा दुकानदार कधी सांगत नाही, तो म्हणजे घराची मेन बंद करून भोक मारता येतं. वायरवाल्या ड्रिलला लाइट लागतेच, इथे ती भानगड नाही, मग एमसीबी खाली पाडूनच काम करा ना. फक्त घरात इन्व्हर्टर असेल तर तो पण बंद करायला विसरू नका, मेन पाडली तरी इन्व्हर्टरच्या लाइनमधे करंट असतोच आणि लोक नेमके इथेच फसतात. कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतलं वायरिंग बहुतेक वेळा स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा सरळ आडवं गेलेलं असतं, म्हणून बोर्डच्या बरोबर वर घड्याळ लावायचा मोह टाळा, वीतभर बाजूला सरका. बाथरूमच्या पलीकडची भिंत असेल तर आतून पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते आधी विचारा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात.

हातात घड्याळ, ब्रेसलेट, गळ्यात लोंबणारी चेन किंवा मंगळसूत्र, ओढणी, सैल बाह्या, हे सगळं आधी बाजूला, केस बांधून घ्या. आणि सैल कापडी हातमोजे घालून ड्रिल चालवू नका, लोकांना वाटतं हातमोजे म्हणजे सुरक्षा, पण फिरत्या बिटमधे एक धागा अडकला की हात आत ओढला जातो. डोळ्याला गॉगल मात्र हवाच, नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नाही, बाजूने कचरा आत येतोच, विशेषतः वर स्लॅबमधे भोक मारताना. सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसासाठी वाईट असते, तेव्हा नाकाला रुमाल नको, एन-95 मास्क लावा.

चकच्या मागे फिरवायची रिंग असते ती क्लचची, तिच्यावरचे आकडे स्क्रूसाठी असतात. लहान आकड्यावर ठेवलं की स्क्रू बसला रे बसला कटकट आवाज करून चक थांबतो, हात पिरगळत नाही आणि स्क्रूचं डोकं पण घासत नाही. ड्रिलचं चित्र म्हणजे क्लच बंद, पूर्ण ताकद, आणि हातोडीचं चित्र म्हणजे बिट फिरता फिरता ठोके पण मारतं, ते फक्त भिंतीसाठी. टाइलवर सुरुवात हातोडी बंद ठेवून, भोकाच्या जागी मास्किंग टेप चिकटवून करा, टाइल पार झाली की मग हातोडी चालू, नाहीतर तडा गेलाच समजा. वरचं 1-2 चं गिअर मशीन पूर्ण थांबल्यावरच बदला.

बिट आत अडकलं की जोर सगळा मनगटावर येतो, कारण बिट फिरत नाही म्हणून मशीनच उलटं फिरायला बघतं. साइड हँडल दिलं असेल तर ते लावा, बॉक्समधे ठेवायला दिलेलं नसतं ते. आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून, एका हाताने ड्रिल आणि दुसऱ्या हाताने खिडकीची जाळी धरून हे करू नका, झटका बसला की माणूस खालीच येतो. नवीन बिल्डिंगमधे मायवानच्या भिंती असतात, म्हणजे वीट नाहीच, सगळं काँक्रीट. तिथे घरगुती कॉर्डलेस पाच मिनिटं बिट घासत बसतो, गरम होतो, आपण चिडून अंगाने रेटतो आणि हमखास तेव्हाच बिट तुटतं. अशा भिंतीला एसडीएस बिटवालं रोटरी हॅमर, म्हणजे जोरात ठोके मारत भोक पाडणारं मशीन लागतं, एका दिवसासाठी भाड्याने आणा. कॉलम आणि बीमला तर घरच्या घरी हात लावायचाच नाही, आत सळया आहेत.

ड्रिल तसा गरीब आहे हो, खरा राक्षस म्हणजे ग्राइंडर, लोखंड-फरशी कापायची गोल डिस्क फिरवणारा. चार इंची कॉर्डलेस ग्राइंडर मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे मारतो, काही त्याहून जास्त. डिस्कवर कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, छापलेला असतो, तो मशीनवरच्या आकड्याएवढा किंवा जास्तच पाहिजे. कटिंग डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर एक्स्पायरी पण असते, बघितली आहे कधी? पडलेली, तडकलेली, ओली झालेली डिस्क सरळ फेकून द्या, वीस-तीस रुपयांच्या डिस्कसाठी डोळा पणाला लावू नका. नवीन डिस्क लावली की तोंड बाजूला ठेवून अर्धा मिनिट मोकळी फिरवून बघा.

गार्ड, म्हणजे डिस्कवरचं झाकण, काढून ग्राइंडर चालवणारे सुतार आणि फॅब्रिकेटर गल्लोगल्ली दिसतात, शिवाय त्यात लाकूड कापायचं दातेरी ब्लेड बसवलेलं. मला माहितीये त्यांचा हात बसलेला असतो, पण आपला नसतो. लाकडात ते ब्लेड अडकलं की मशीन उसळून थेट मांडीवर किंवा गळ्याशी येतं, दाबून धरायला वेळच मिळत नाही. लाकडाला जिगसॉ किंवा सर्क्युलर सॉ वापरा. ठिणग्या उडतात त्या दिशेला गाडी, थिनरचा डबा, पडदा काही नको, आणि ट्रिगर सोडल्यावरही डिस्क काही सेकंद फिरत असते, ती थांबल्याशिवाय खाली ठेवायचं नाही.

बॅटरीचं आता. एक दुकानदार 18 व्होल्ट म्हणतो, दुसरा 20, आणि गिऱ्हाइकाला वाटतं वीसवाला भारी. आत दोन्हीकडे 3.6 व्होल्टचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यांचे होतात 18, आणि फुल चार्जला तेच वीसच्या आसपास जातात, म्हणून हा खेळ. पण म्हणून एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला अडॅप्टर लावून चालवायला जाऊ नका, बॅटरी पार खाली उतरू नये म्हणून जी सोय असते ती बऱ्याच अडॅप्टरमधून पुढे जातच नाही. निम्म्या किमतीची डुप्लिकेट बॅटरी पण नकोच.

उन्हाळ्यात आपल्याकडे नागपूर-अकोल्याला पारा 45 पर्यंत जातो, त्यात बंद गाडीत बॅटरी म्हणजे तव्यावर ठेवल्यासारखीच. बहुतेक चार्जर 40 अंशांच्या वर चार्ज करू नका असं लिहूनच देतात. काम संपल्या संपल्या गरम बॅटरी चार्जरवर नको, थोडी निवू द्या. रात्रभर गादीवर किंवा सोफ्यावर चार्जिंग नाही, फरशीवर ठेवा आणि जागे असताना करा. महिनोन्महिने वापरायचीच नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. सुटी बॅटरी खिळ्या-स्क्रूच्या डब्यात कधीच टाकू नका, दोन टोकांना एक खिळा टेकला की शॉर्ट. फुगलेली, उंचावरून पडलेली, पाण्यात भिजलेली चार्ज करायची नाही. अशी बॅटरी घंटागाडीत पण नको, टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. 2022 च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, म्हणून सर्व्हिस सेंटरला बिनधास्त विचारा.

आणि अमेरिकेतून भावाने सेट आणला असेल तर चार्जरवरचं लेबल वाचल्याशिवाय सॉकेटमधे घालू नका, तिकडचे बरेच चार्जर फक्त 120 व्होल्टचे असतात, आपल्या 230 ला फट्कन उडतात. येताना सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत आणायच्या, चेक-इनमधे चालत नाहीत, आणि मशीन मात्र चेक-इनमधे टाकायचं. विमानात बॅटरी वॉट-अवरमधे मोजतात, हिशोब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, 18 गुणिले 5 म्हणजे 90 वॉट-अवर. 100 च्या आत असलं की सहसा अडवत नाहीत, त्याच्या वर असेल तर एअरलाइनला आधी विचारून ठेवायला सांगा.