एनव्हीडीए पहिल्यांदा लावताय? आधी त्याला गप्प करायला शिका

मी ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एनव्हीडीए म्हणजे स्क्रीन रीडर, स्क्रीनवर जे आहे ते अंध माणसाला बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. टीममध्ये नवीन कोणाला ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे अंध-अपंग माणसांनाही साइट वापरता येते का ते तपासायचं काम दिलं की दर वेळी तेच होतं, एनव्हीडीए डाउनलोड करतात, चालू करतात, ते बोलायला लागतं, माउस हलवला तरी बोलतं, एक अक्षर टाइप केलं तरी बोलतं, आणि दोन मिनिटांत घाबरून टास्क मॅनेजरमधून बंद. म्हणून बंद कसं करायचं ते आधी सांगते.

कंट्रोल दाबलं की चालू असलेलं बोलणं तिथेच थांबतं. पूर्ण बंद करायचं तर एनव्हीडीए की धरून क्यू दाबा आणि मग एंटर. इन्स्टॉल केलेलं असेल तर परत चालू करायला कंट्रोल, ऑल्ट, एन. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, पण लॅपटॉपवर ती शोधत बसावी लागते, त्यामुळे पहिल्यांदा जी वेलकमची विंडो येते तिच्यात कॅप्स लॉकसमोर टिक करा आणि लेआउट लॅपटॉप निवडा.

हे फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे, फक्त विंडोजवर चालतं. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलं, ते स्वतः अंध आहेत. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिन राइट्स नसतील तर अडून बसू नका, फाइल उघडल्यावर इन्स्टॉल न करता तसंच चालवायचा किंवा पोर्टेबल कॉपी बनवायचा पर्याय येतो. आणि एनव्हीडीए मेनूत टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे तो लावून ठेवा, जे बोललं जातं ते लिहून दिसतं, बग रिपोर्टमध्ये कॉपी करता येतं.

आता वाचायचं कसं. सगळे टॅब दाबत सुटतात आणि म्हणतात पेज बरोबर वाचतंय. टॅब फक्त लिंक, बटण, फॉर्मचे रकाने यांच्यावरच थांबतो, मधला मजकूर त्याला लागतच नाही. खालचा बाण दाबत ओळीओळीने जा. हेडिंगवर उडी मारायला एच, बटणाला बी, लिंकला के, फॉर्मच्या रकान्याला एफ, चित्राला जी, आणि मागे यायचं तर त्याच अक्षरासोबत शिफ्ट. सुरुवातीला एवढंच पुरे. एनव्हीडीए की आणि एफ सेव्हन दाबलं की पेजवरच्या लिंक आणि हेडिंगची यादी येते, तिच्यात दहा वेळा नुसतं 'पुढे वाचा' दिसलं तर तो बग आहे, कारण कशाबद्दल पुढे वाचायचं ते यादीत कळत नाही.

एक गोष्ट नवीन माणसाला हमखास चकवते. नाव टाइप करायला जाता आणि पेज भलतीकडेच उड्या मारतं. तुम्ही ब्राउज मोडमध्ये असता, तिथे अक्षरं म्हणजे शॉर्टकट. रकान्यावर एंटर दाबा, फोकस मोड येतो, मग टाइप करा, एस्केपने परत. हा वेबसाइटचा बग नाही, टाकू नका.

पण नुसत्या कीज पाठ करून टेस्टिंग होत नाही, एक काम ठरवा. समजा ठाण्यातल्या एखाद्या क्लिनिकची अपॉइंटमेंट घ्यायची आहे. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि एस्केप दाबलं की स्क्रीन काळी होते, त्याला स्क्रीन कर्टन म्हणतात, परत दाबलं की जाते. ती लावा आणि अपॉइंटमेंट पूर्ण करून दाखवा. डोळे उघडे असले की आपण नकळत बघून घेतो आणि कानाने ऐकलं असं समजतो, माझंही पहिले काही महिने हेच चाललं होतं. कर्टन लावल्यावर कळतं की तारखेच्या रकान्यावर ते नुसतं 'एडिट' म्हणतंय, कारण कोडमध्ये रकान्याला त्याचं नाव, म्हणजे लेबल, जोडलेलंच नाही. किंवा सबमिट केलं आणि शांतता, एरर लाल अक्षरात आलीय पण कोणी वाचून दाखवलीच नाही. ही शांतताच सगळ्यात वाईट, कारण माणसाला वाटतं काम झालं.

मराठी साइट असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. एक, पेजच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' लिहिली आहे का ते बघा, 'ईएन' राहिली असेल तर आवाज मराठीकडे वळत नाही. एनव्हीडीएसोबत ईस्पीक नावाचं बोलणारं इंजिन येतं, त्यात मराठी आहे, आवाज यंत्रासारखा वाटतो पण समजतं. दुसरी, मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, म्हणजे आत खरी देवनागरी अक्षरं आहेत ना. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं डोळ्यांना मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत एक अंध काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले. एका पाणीकपातीच्या नोटिशीची पीडीएफ त्यांनी मला ऐकवली, ओळीच्या ओळी नुसती खडखड. मी बघून वाचली तर स्वच्छ मराठी. स्कॅन करून टाकलेल्या नोटिशीत तर तेवढंही नसतं, तिथे फक्त चित्र.

बग लिहिताना 'स्क्रीन रीडर नीट चालत नाही' लिहू नका, डेव्हलपरला त्यातून काही करता येत नाही. कुठली की दाबली, काय ऐकू आलं, काय यायला हवं होतं, ब्राउजर कुठला, एनव्हीडीएचं व्हर्जन कुठलं. आणि जमलं तर रोज वापरणाऱ्या माणसाला एकदा सोबत बसवा, त्याच्या वेळेचे पैसे देऊन. काका ज्या स्पीडला ऐकतात त्यातला मला एक शब्द कळत नाही, आणि मला दोन दिवसांत न सापडलेली अडचण त्यांनी पाच मिनिटांत सांगितली होती.

मोबाइल साइटसाठी अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे. सेटिंगमध्ये जाऊन आधी त्याचा शॉर्टकट ऑन करा, म्हणजे दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद धरली की चालू आणि तशीच बंद. उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, उघडायला डबल टॅप. मी हे ऐरोली ते ठाणे ट्रेनमध्ये इअरफोन लावून शिकले, बसायला जागा मिळेल त्या दिवशी.