सनबोर्डची लालपरी: घरच्या घरी एसटीचं स्केल मॉडेल कसं करायचं

बहुतेक जण सनबोर्ड, म्हणजे तो हलका फोमचा प्लास्टिक बोर्ड, आणला की लगेच कटर हातात घेतात आणि तिथेच गाडी फसते. एसटी ओळखू येते ती फक्त लाल रंगामुळे नाही, खिडक्यांची रांग आणि चाकं बॉडीखाली नेमकी कुठे आहेत यावरून ओळखू येते, आणि ही दोन मापं चुकली की वर कितीही भारी रंग मारा, ती कुठलीतरी लाल बस होते, आपली एसटी होत नाही. म्हणून आधी मापं.

स्केल 1:25 घ्या. खऱ्या गाडीचा 1 मीटर म्हणजे तुमचे 4 सेंटिमीटर, हिशोब तोंडी होतो. साधारण 11 मीटरची बस 44 सेंटिमीटरची होते, अडीच मीटर रुंदीचे 10 सेंटिमीटर, आणि अशोक लेलँडची 222 इंच व्हीलबेसची गाडी असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर साडेबावीस सेंटिमीटर. बाकीची मापं स्टँडवर मिळतात. गाडी उभी असताना ड्रायव्हर काकांना विचारून बाजूने एकदम सरळ फोटो काढा, पण जवळून नाही, लांब जाऊन झूम करून, नाहीतर पुढचं-मागचं टोक बारीक येतं. आता फोटोतला टायर हीच तुमची पट्टी. टायरवर 10.00-20 छापलेलं असेल तर त्याची उंची साधारण 1 मीटर 5 सेंटिमीटर असते, म्हणजे मॉडेलमध्ये 4.2. टायर बरोबर 4.2 सेंटिमीटरचा येईल एवढा फोटो मोठा करून दोन ए-फोर कागदांवर प्रिंट काढा, चिकटवा, झाला नकाशा.

सामान फार लागत नाही. 3 एमएमचा सनबोर्ड, छतासाठी 1 एमएमचा, बारीक कटर आणि भरपूर ब्लेड, स्टीलची पट्टी, फेविक्विक, फेविकॉल, 220 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, प्रायमर आणि लाल स्प्रे. थर्माकोल घेऊ नका, स्प्रेने तो विरघळतो.

कापताना खिडक्या आधी, बाहेरची कड शेवटी, म्हणजे बोर्ड हातात मजबूत राहतो. एका दमात आरपार कापायचं नाही. पहिला हात अगदी हलका, नुसती रेघ, मग त्याच रेघेत चार-पाच वेळा ब्लेड फिरवायचं, आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यातून सुरू करून मध्यापर्यंत यायचं मग उलट्या कोपऱ्यातून मध्यापर्यंत, म्हणजे कोपऱ्याबाहेर चीर जात नाही. ब्लेड ओढताना बोर्ड कुरतडल्यासारखा वाटला की टोक मोडून टाका, ब्लेड स्वस्त आहे, बाजू परत कापायला अख्खी संध्याकाळ जाते.

छताच्या गोलाईला आतल्या बाजूने लांबीला समांतर अर्ध्या जाडीपर्यंत रेघा मारा, 5-5 एमएमवर, मग हळूहळू वाकवा, आणि आतून दर 6-7 सेंटिमीटरला त्याच गोलाईच्या आडव्या पट्ट्या लावा नाहीतर महिन्याभरात छत बसतं.

प्रत्येक चाकासाठी 4.2 सेंटिमीटरच्या चार चकत्या एकावर एक चिकटवा, कड पॉलिश पेपरने गोल करा. मागे जोडचाक असतं हे विसरू नका, म्हणजे एकूण सहा चाकं. अ‍ॅक्सलला सायकलचा स्पोक, आणि तो सैल फिरेल अशी प्लास्टिकची नळी चॅसीला, म्हणजे गाडीच्या तळाला, चिकटवायची.

रंगाआधी सांधे पुट्टीने भरून, घासून, प्रायमर. प्रायमर मारला की प्रत्येक ओरखडा दिसतो, तेव्हाच परत घासा. लाल स्प्रे 25-30 सेंटिमीटरवरून, पातळ थर, मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. पट्ट्यांसाठी फिका रंग आधी मारून, पूर्ण वाळवून, त्यावर टेप, मग लाल. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्प्रे मारला तर रंगावर पांढरट झाक येते, त्यामुळे पावसाळ्यात कापाकापी उरका आणि रंगासाठी ऊन पडायची वाट बघा.

काचा सगळ्यात शेवटी, आणि फेविक्विकने बिलकुल नाही. माझ्या पहिल्या गाडीला मी पारदर्शक शीट फेविक्विकने लावली, सकाळी बघतो तर सगळ्या खिडक्या आतून धुक्यासारख्या पांढऱ्या, त्याच्या वाफेने तसं होतं, आणि तोवर छत बंद केलेलं. दोन महिन्यांचं काम होतं ते, फार वाईट वाटलं. फेविकॉलचा बारीक थेंब पुरतो, वाळला की दिसतही नाही. खिडकीच्या आडव्या दांड्यांना बारीक तार घ्या, दोन फळ्यांमध्ये ठेवून वरची फळी दाबून पुढे-मागे फिरवली की तार सुतासारखी सरळ होते. छताची शिडीही त्याच तारेची.

मग अक्षरं. मागे ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ हवंच. नंबर प्लेटही विचार करून लावा, एसटीच्या पुण्यातल्या दापोडी वर्कशॉपला बांधलेल्या बऱ्याच गाड्यांना एमएच 14 असतो, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याच्या गाड्यांना एमएच 20, नागपूरजवळच्या हिंगण्याच्या गाड्यांना एमएच 40, आणि जाणकार माणूस आधी तेच बघतो. पुढच्या काचेतली पाटी मात्र कॉम्प्युटरवर प्रिंट करू नका, पांढऱ्या कार्डशीटवर बारीक ब्रशने हाताने रंगवा, आणि नाव लिहा तुमच्या गावाला जाणाऱ्या गाडीचं.