फ्रेममधला फौजी नक्की कोण? जुन्या फोटोतल्या सैनिकाची ओळख कशी पटवायची

आमच्या आजोळी देव्हाऱ्याच्या वर एक फोटो टांगलेला, खाकीतला मिशीवाला माणूस, आणि सगळे सांगायचे की हे आजीचे मोठे काका, पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. दर पितृपक्षात हार. गेल्या वर्षी फोटो नीट बघितला तर अंगातलं जॅकेट कमरेपर्यंतचं आखूड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला बॅटलड्रेस, १९१६ ला गेलेला माणूस तो घालेल कसा? तो निघाला आजीचा चुलतभाऊ, इटलीहून धडधाकट परत आला, मग मुंबईत गिरणीत लागला आणि गावाकडे फिरकलाच नाही. म्हणजे काही वर्षं आम्ही जिवंत माणसाला हार घालत होतो.

तर माझं म्हणणं एवढंच, आधी कपडे वाचा, घरच्या गोष्टी नंतर.

सुरुवातीला फोटो फ्रेममधून काढा, पण काचेला चिकटला असेल तर अजिबात ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा. पुढून-मागून दोन्ही, ६०० डीपीआय तरी. आणि 'साफ' करायला देऊ नका प्लीज. मी एका फोटोवाल्याकडे दिला तर त्याने चेहरा गुळगुळीत केला आणि खांद्यावरची अक्षरं डाग समजून पुसून टाकली, नशीब ओरिजिनल हातात होता. फोटो शार्प करणारी अ‍ॅप्स तर नसलेली अक्षरं तयार करून देतात.

मागची बाजू बघा. स्टुडिओचा शिक्का असेल तर शहर कळतं. नाव लिहिलं असेल तर कशाने लिहिलंय ते बघा, आमच्या फोटोमागे बॉलपेनने लिहिलेलं होतं, म्हणजे नंतर कुणीतरी अंदाजाने लिहिलं हे उघड आहे.

फोटो उलटा छापलेला नाही ना तेही तपासा. स्वतःची मेडल्स डाव्या छातीवर लावतात. उजवीकडे दिसली तर एकतर फोटो उलटा, नाहीतर मेडल बापाचं किंवा भावाचं.

आता कपडे. लांब कुर्त्यासारखा खाकी कोट, फेटा आणि पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या असल्या तर बहुतेक पहिलं महायुद्ध किंवा त्याच्या आसपासचं. बिल्ल्यावर राजमुकुट असेल तर इंग्रजांचा काळ, १९५० नंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. दंडावर व्हीसारख्या फिती एक म्हणजे लान्सनाईक, दोन नाईक, तीन हवालदार. पण डाव्या बाहीवर कोपराच्या खाली उलट्या व्ही असतील तर ती रँक नाही, चांगल्या वर्तणुकीच्या फिती, इथे भलेभले फसतात. घरी 'जमादार' म्हणत असतील तर हसू नका, तो सुभेदाराच्या खालचा हुद्दा होता, १९६५ पासून त्याला नायब सुभेदार म्हणतात.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे खांद्यावरची पितळी अक्षरं. भिंग घ्या आणि बसा. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ यातला आकडा दिसला तर जुन्या मराठा पलटणी, १९२२ पर्यंतच्या, कारण त्या साली सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री (म्हणजे हलकं पायदळ) झाली. यातल्या १०३, ११० आणि ११७ इराकातल्याच कुत शहराच्या वेढ्यात होत्या, तिथे २९ एप्रिल १९१६ ला इंग्रजांच्या फौजेची शरणागती झाली, तेव्हा घरात 'बसरा' ऐकलं असेल तर या पलटणी आधी बघा. बिल्ल्यावर नुसतं बिगूल दिसलं म्हणून मात्र मराठा म्हणू नका, ते इतर लाइट इन्फंट्रीचंही असतं. १९४१ ला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता, तो सापडला तर काळही कळला आणि रेजिमेंटही.

दुसऱ्या महायुद्धात दंडावर डिव्हिजनचं, म्हणजे अनेक पलटणी मिळून झालेल्या मोठ्या तुकडीचं, चिन्ह असायचं. गरुड म्हणजे चौथी, काळं मांजर सतरावी, कोंबडा तेविसावी. आमच्या फोटोत मला आधी शाईचा डाग वाटला, मोठं केल्यावर देठाची तीन फुलं दिसली. आठवी डिव्हिजन, इटली. नामदेव जाधवांना १९४५ ला व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचा सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला ती मराठ्यांची पहिली बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती.

मेडल ट्रंकेत असेल तर कडेवर बोट फिरवा, पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक मेडलांवर तिथे नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. ब्रासोने घासत बसू नका, अक्षरं झिजतात.

एवढं झालं की मग नावं. त्या वयात बसणाऱ्या सगळ्या पुरुषांची यादी करा, चुलत-मावस धरून. युद्धात वारलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर शोधा, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो, फक्त स्पेलिंगं अचाट, गावावरूनही शोधून बघा. परत आलेले तिथे मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी डिस्चार्जचे कागद, पेन्शन बुक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि मराठा असेल तर बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस. सर्व्हिस नंबर हाताशी असेल तर निम्मं काम झालं.

ठरलं की फोटोमागे मऊ पेन्सिलीने लिहा: 'बहुतेक अमुक, कशावरून तेही.'

मोठ्या काकांचं नाव मला शेवटी बसरा मेमोरियलच्या यादीत मिळालं, बापाचं नाव आणि गाव दोन्ही जुळतं. फोटो मात्र त्यांचा कुठेच नाही, आणि मामी विचारतेय हार आता कशाला घालायचा.