सेल्फ कण्हतो तेव्हा

माझी मारुती ८०० ही १९९७ची, कार्बोरेटरवाली, एमएच-३१ म्हणजे नागपूर पासिंगची. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होतो, जन्म मल्टिमीटर हाताळण्यात गेला. तरी याच गाडीपायी एक नवी बॅटरी आणि सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची) दुरुस्ती असा दुहेरी भुर्दंड भरून बसलो. सकाळी सेल्फ कण्हत कण्हत फिरायचा. "काका, बॅटरी गेली तुमची," असं मेकॅनिक म्हणाला, म्हणून बॅटरी बदलली. मग सेल्फ खोलला. दुखणं होतं इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. वरून ठीकठाक, बोल्ट काढला तर खाली हिरवट गंज. तेव्हापासून पान्याआधी मीटर काढतो. सीताबर्डीवर स्वस्तातला डिजिटल मीटर मिळतो, तेवढा पुरे.

रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. मग घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि आकडा पाहा. (आमच्याकडे हे काम हिचं. "काऊन हो, पुन्हा?" एवढं ऐकून घ्यावं लागतं.) आकडा ९.६च्या खाली घसरला तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहा; तरी घसरला तर बॅटरीवर संशय घ्या. पण तो ११च्या आसपास टिकला आणि सेल्फ तरीही कण्हतो, तर बहुधा करंट वाटेत अडतोय.

आता खरी गंमत. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर टेकवू नका. लाल टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारा. ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवेत. माझ्याकडे १.८ दिसले. म्हणजे तेवढे व्होल्ट त्या गंजातच जिरत होते. बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं, पट्टी काढली, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या, बोल्ट कसले. पंधरा मिनिटं. अशीच चाचणी पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फच्या जाड वायरचा बोल्ट यांच्यातही करा. गाडी आधी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

इंजिन चालू झालं की बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. हेडलाइट, ब्लोअर लावूनही १३च्या खाली गेले तर आधी बेल्ट दाबून पाहा, मग अल्टरनेटरकडे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरकडे, वळा. १५च्या वर गेले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला. मग बल्ब उडतात आणि बॅटरीचं पाणी आटतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तसंही आटतं. दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून पाहा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नाही.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी हा वेगळा रोग. मे महिना, रामटेकहून परत येत होतो, मनसर सोडलं आणि गाडी दोन झटके देऊन चूप. धाब्यावरचे चौघे धावले. "काका, पेट्रोल उकळलं जी, पंपावर पाणी टाका!" तसं होतंही: पाइपात पेट्रोलची वाफ धरते, मग पंप ते ओढू शकत नाही. ओला फडका पंपावर ठेवला की गाडी चालू होते. पण कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) तापूनही गाडी अगदी अशीच बंद पडते, आणि दोन्ही वेळा ती अर्ध्या तासाने थंड होऊन निमूट चालू होते. म्हणून तपास त्याच क्षणी करायचा. डिकीत एक जुना स्पार्क प्लग ठेवा. प्लगची वायर काढून त्या प्लगला लावा, प्लगची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवा, रबरी हातमोजा घाला, सेल्फ मारा. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर पेट्रोल तपासा. पडलीच नाही तर इग्निशन. आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोग नकोच.

माझ्याकडे ठिणगी नव्हती. दुसऱ्या दिवशी थंड कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, बरोबर. मग गाडी पुन्हा तापवून, बंद पडल्याबरोबर मोजला. सेकंडरी, म्हणजे कॉइलमधली दुसरी गुंडाळी, चक्क तुटलेली. नवी कॉइल, प्रश्न मिटला.

मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवून एकेका प्लगची वायर काढा, पकड इन्सुलेटेड. ज्याची काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. तीनच आहेत, चटकन कळतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळतंय.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते? मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल सोडून खुंटी आणि केबल यांच्यामध्ये मीटर जोडा. दारं, दिवे बंद. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो, चोर तिथे. आमचा चोर नंतर बसवलेल्या टेपची वायर निघाली. मात्र मीटर असा जोडलेला असताना कोणाला सेल्फ मारू देऊ नका. माझा पहिला मीटर असाच जळला, आणि किल्ली मीच फिरवली होती.